कागदावरचा बांध

साताऱ्यात वकिली करायची म्हणजे बांधाचे खटले चालवायचे. कुणाचा बांध शेजाऱ्यानं नांगरून हातभर आत घेतलेला, कुणाचा पावसात वाहून गेलेला, तर कुणाचा मुळात कधी नव्हताच. माझी बायको चारुलता म्हणते, तुम्ही जेवायला बसलात तरी आधी वरणभाताची हद्द कुठे संपते आणि भाजीची कुठे सुरू होते ते बघता. बघतो. हद्द न बघता घास घेणाऱ्यांचीच मला चीड येते.

तर १९४६ सालच्या हिवाळ्यात एक पक्षकार बांधाऐवजी कागदाचं रीळ काखेत मारून आला, तेव्हा मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

मानसिंग त्याचं नाव. वडूजकडचा गडी, उंचापुरा, अंगात पलटणीतला जाड कोट. लढाईत तो नकाशे छापणाऱ्या लष्करी गाडीवर कामाला होता. लढाई संपली, घरी आला आणि शेतात न रमता आईला घेऊन सांगलीला गेला. तिथे हळदीच्या पेठेमागे त्यानं एक छोटा छापखाना टाकला होता. हे सगळं त्यानं मला न विचारता सांगितलं. स्वतःविषयी बोलायला त्याला कुणी विचारावं लागत नसे.

त्यानं टेबलावर मूठभर चिठ्ठ्या पसरल्या. हळदीच्या पोत्यावर व्यापारी आपल्या नावाची चिठ्ठी लावतात, तसल्या.

"वाचू नका, कडा बगा," तो म्हणाला.

कडा बघितल्या. सुरीनं लोणी कापावं तशा सरळ होत्या.

"छापतंय बी तेच यंत्र आन् कापतंय बी तेच. हिकडनं रीळ लावायचं, तिकडनं चिठ्ठ्या गोळा करायच्या. मदी हात लावायचा न्हाई. ह्येचं मला पेटंट पायजे, वकीलसाहेब."

"पण घाई कसली?"

"पुण्याचा एक कारखानदार यंत्र बघाया येतूय. म्हंतो, पेटंट असंल तर तुमच्या नावानं यंत्रं काढू. आन् नसंल तर?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "बघून जाईल आन् सोताच्या नावानं काढंल. मग माझं काय ऱ्हायलं?"

पेटंटचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता आणि परीक्षेबरोबरच विसरलो होतो. पुण्याच्या स्नेह्याकडून पुस्तक मागवलं. ते आलं तशी मला तहानभूक सुचेना. अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत जायचा. तिथला साहेब विचारणार, यात नवीन काय? झालं, माझं डोकं तिथेच अडकलं. यात नवीन काय? छपाई जुनी. कापणी त्याहून जुनी. चारुलतेनं पाट्यावर चटणी वाटली आणि तिथेच बसून कांदा चिरला, तर तो काही शोध होत नाही. दोन जुन्या गोष्टी शेजारी मांडल्या म्हणून नवीन गोष्ट जन्माला येत नाही, असं पुस्तकात ठिकठिकाणी म्हटलं होतं.

"मग येते कशानं?" चारुलतेनं विचारलं.

"तेच बघायला सांगलीला जातोय," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सातारा रोड स्टेशनला जाऊन गाडी पकडली.

सांगलीच्या त्या बोळात सगळं पिवळं होतं. भिंती, उंबरे, हमालांचे पाय. छापखान्याच्या दाराशी एक म्हातारी पोत्यावर बसून चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होती. ती मानसिंगची आई, राहीबाई. तिनं मला पायांपासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं.

"वकील म्हंजी तुमीच व्हय? मला वाटलं आनिक थोराड असशीला."

माझा थोराडपणा बाजूला ठेवून मी आत गेलो. यंत्र शिवणयंत्राच्या टेबलाएवढं होतं. दोघांनी उचलावं असं. पुढच्या अंगाला एक पितळी पट्टी बसवलेली, आणि तिच्यावर घोटीव अक्षरांत 'मानसिंग यंत्र'. पेटंटचा पत्ता नव्हता, पण नाव आधी बसलं होतं.

मानसिंगनं चाक फिरवायला घेतलं. अरुंद रिळाचा कागद छपाईच्या शिशाच्या खिळ्यांखाली आला, दाबला गेला, अक्षरं घेऊन पुढे सरकला, आणि खट्कन सुरी पडली. चिठ्ठी टोपलीत. पुन्हा तसंच, आणि पुन्हा. मग त्यानं खिळे जुळवलेली चौकट काढून दुसऱ्या व्यापाऱ्याची मोठी चौकट बसवली. सुरीला हात लावला नाही, काही फिरवलं-आवळलं नाही. चाक फिरलं, आणि आता सुरी लांब अंतरावर पडू लागली. चिठ्ठी मोठी, आणि कापली बरोबर कडेला.

मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन उभा राहिलो.

"सुरीला कसं कळलं?"

मानसिंगची छाती फुगली. "त्येच तर!"

"त्येच तर काय? मला सांग. सुरीला कसं कळलं चिठ्ठी कुठं संपली ते?"

त्यानं चौकटीच्या शेवटाला बसवलेली एक पितळी खुंटी दाखवली. ती खिळ्यांपेक्षा किंचित उंच होती. अक्षरं उमटताना ती कागदाला बारीकसं भोक पाडायची. कागद पुढे जायचा. सुरीला अगदी खेटून एक वाकडं पोलादी बोट कागदावर टेकलेलं असायचं. भोक त्या बोटाखाली आलं की बोट आत घसरायचं, आणि ते घसरलं की सुरी सुटायची. मी चिठ्ठी डोळ्यांशी नेली. कडेवर भोकाची अर्धी कोर होती. साताऱ्यात कडा बघताना ती मला दिसलीच नव्हती.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोही. "अरे, हेच नवीन! छपाईच कापणीला सांगते, इथं काप म्हणून! शेजारी मांडलेल्या दोन गोष्टी नाहीत ह्या, एकीचं दुसरीला ऐकू येतंय!"

"म्या काय म्हनत हुतो मग?" मानसिंग म्हणाला. तो असलं काहीही म्हणत नव्हता. तो फक्त 'मानसिंग यंत्र, मानसिंग यंत्र' म्हणत होता.

मी कागद पेन्सिल काढून टिपणं घ्यायला बसलो. चहा आला. आणि सहज, म्हणजे वकील जेवढा सहज विचारू शकतो तेवढ्या सहज, मी विचारलं, "हे यंत्र आजवर कुणी पाहिलंय?"

"समद्या पेठंनं पाह्यलंय की! खंडेनवमीला पूजा मांडली, यंत्राला झेंडू बांधला, व्यापाऱ्यास्नी बलावलं, तासभर चालवून दाखवलं. त्याबिगर कुनाला काम कसं मिळंल?"

हातातली कपबशी मी खाली ठेवली. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, नवं अवजार चार लोकांत मिरवतात, हे मला काय नवीन होतं? माझ्या घरी मी स्वतः कायद्याच्या पुस्तकांना हळदकुंकू लावतो. पण अर्जाआधी जे लोकांत राजरोस चाललं, त्याला पेटंट नाही, हेही त्याच पुस्तकात होतं. मी डोळे मिटून कलम आठवत बसलो. आणि मग मला हसू फुटलं.

"मानसिंग, आपण आत्ता कुठे बसलोय?"

"सांगलीत."

"सांगली कुणाची?"

"संस्थानची. ह्ये काय इचारनं झालं?"

"कायदा इंग्रजांचा. तो बघतो, खालसा मुलखात, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखाली, यंत्र चाललं होतं का. सांगली संस्थानात मोडते. इथं तू रोज खंडेनवमी केलीस तरी कलकत्त्याच्या साहेबाला त्याचं काही नाही. हेच साताऱ्यात केलं असतंस, तर मी आत्ता चहा न घेता परतीची गाडी पकडली असती."

मानसिंग मांडीवर थाप मारून हसला. हद्दीचा असला फायदा मी जन्मात कुणाला मिळवून दिला नव्हता. एवढ्यात दारातून आवाज आला.

"मग आपल्या जत्रंचं काय म्हनायचं?"

राहीबाई गठ्ठा बांधायची थांबली होती.

"आई, तू गप बस," मानसिंग म्हणाला.

"का गप बसू? त्येनी इचारलं कुनी पाह्यलं, तर सांगाया नगं? चैतात देवाच्या जत्रंला न्हेलं न्हवतं व्हय यंत्र? गुळाच्या ट्रकात घालून?"

गाव वडूजजवळ. म्हणजे सातारा जिल्हा. म्हणजे खालसा.

मी मानसिंगकडे बघितलं. तो यंत्राचं चाक पुसत होता, ज्याला पुसायची काही गरज नव्हती.

"देवाला दावलं वो," तो पुटपुटला. "नवीन काय बी केलं तर पैलं देवाम्होरं न्ह्यायचं, आमच्यात तशी रीतच हाय. पैली कणसं देवाला, पैलं दूध देवाला. लोकांस्नी दावाया न्हेलंच न्हवतं."

"आणि लोक डोळे मिटून उभे होते का?"

"समदी जत्राच हुती की," राहीबाई म्हणाली. "अंगाऱ्याच्या पुड्या बांधाया कागद छापलं, देवाचं नाव घालून. ज्येला त्येला पुडी. लय लोकांनी न्हेल्या."

मानसिंग माझ्यासमोर खाली बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला होता. "वकीलसाहेब, कलकत्त्याला कोन सांगाया जातंय जत्रंचं?"

"मी," मी म्हणालो. मला खरोखर राग आला होता. "अर्जाखाली प्रतिज्ञेवर सही करायची आहे. खोट्या प्रतिज्ञेचा कागद माझ्या हातून जायचा नाही. आणि तुझा पुण्याचा कारखानदार काय झोपलाय? तुमच्या गावातली एक पुडी आणून साहेबापुढे ठेवली की खेळ खलास."

तो पितळी पट्टीकडे बघत राहिला. एवढा बडबड्या माणूस गप्प झालेला बघून माझा राग ओसरला आणि मला त्याची कीव आली. मायलेकांनी देवाची रीत पाळली आणि मुलाचं नाव त्यात बुडालं.

पण माझी खोड जात नाही. गेलेल्या खटल्यातही मी हद्द मोजून बघतो. नक्की काय चाललं होतं जत्रेत? किती चाललं होतं? मी राहीबाईपुढे जाऊन बसलो.

"बाई, जत्रेत हे यंत्र असंच चालत होतं?"

"आसंच कसं? सुरीला दोरी हुती. ह्यो चाक फिरवायचा आन् म्या दोरी वडायची."

"तुम्ही ओढायची? म्हणजे कापत होता तुम्ही?"

"व्हय. ह्यो म्हनायचा, 'वड!' की म्या वडायची. पर जत्रंचा कालवा, डोल वाजत्यात, मला काय ऐकू यीना. म्हनं, आई, अक्षर संपलं की वड. मला अक्षर कुटलं कळतंय? मला समदीच मुंग्यावानी दिसत्यात."

ती थांबली. हातातला सुतळीचा तुकडा तिनं बोटाला गुंडाळला.

"देवाचं नाव तुटलं वो माझ्या हातनं. मधोमध. एक न्हवं, लय पुड्या तशा निगाल्या. गुरवानं बगितलं आन् वराडला, कुनी क्येलं ह्ये? समद्यांनी माझ्याकडं बोट क्येलं. राहीनं देवाचं नाव तोडलं. पार म्हातारी झाले त्या गावात, पर तसं कुनी बोललं न्हवतं."

बाहेर हमालांचा गलका चालू होता. मानसिंग मान खाली घालून बसला होता.

"मग?" मी हळूच विचारलं.

"मग काय? हितं आले आन् ह्येला सांगितलं, म्या पुन्ना दोरीला हात लावायची न्हाई. न्हाईतर मला कळंल आशी खून कर. म्हनला, कसली खून? म्या म्हनलं, आरं, बैलाला वाचाया येतंय व्हय? तरी बांधाला पाय लागला की आपसूक वळतूय. तसा कागदाला बांध घाल. हाताला लागंल आसा. मग त्येनं ती खुट्टी बशिवली. भोक पडाया लागलं. म्या बोट टेकून बसायची, भोक लागलं की दोरी वडायची. एक नाव तुटलं न्हाई त्येच्यापुडं."

मी उठून उभा राहिलो. 

"मानसिंग! भोक जत्रेनंतरचं?"

"व्हय, जेठातलं."

"आणि ते पोलादी बोट?"

"त्ये तर आकाडात. आईचं बोट दुकाया लागलं, म्हून."

"दोन्ही सांगलीत?"

"हितंच की."

मग मी काय केलं ते लिहायला हरकत नाही. मी टिपणांच्या कागदावरची, पेटंटात आपली म्हणून मागायची पहिली सगळी कलमं खोडली. एकाच यंत्रानं छापणं आणि कापणं, खोडलं. रिळाचा कागद, खोडला. ते सगळं जत्रेनं पाहिलं होतं, ते देवाचं आणि गावाचं झालं. उरली एक ओळ. छापतानाच पाडलेलं भोक, आणि त्या भोकाच्या खुणेवर आपोआप सुटणारी सुरी. एवढी ओळ खालसा मुलखात कुणी पाहिली नव्हती. ती नवीन होती.

मानसिंगचा चेहरा पुन्हा उजळला. "मिळंल मग?"

"मिळेल असं मला वाटतं. पण आता शेवटचं. प्रतिज्ञेत लिहायचं असतं, या गोष्टीचा खरा आणि पहिला शोधक कोण."



मी काही सुचवलं नाही. वकिलानं कधी बोलू नये हे मला कळतं, चारुलतेला ते पटत नसलं तरी. मानसिंगनं पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आईकडे मात्र बघेना.

"बोट म्या केलंय," शेवटी तो म्हणाला. "पोलाद तापवून, घासून, लय खटपट क्येली. लष्करात शिकलो ते समदं वतलं त्यात."

"खरं आहे."

"खुट्टी बी म्याच बशिवली."

"तेही खरं."

 मग तो आईकडे वळला. "पर बांध तुजा, आई."

मला वाटलं, म्हातारी आता नको-नको म्हणेल, मी काय करू नाव घेऊन, असं म्हणेल. आपल्याकडच्या आया म्हणतात तसं. राहीबाईनं गठ्ठा बाजूला ठेवला आणि पदर सावरला.

"लाव की माजं नाव. देवाचं नाव तुटलं तवा समद्या गावानं माजं नाव घेतलं हुतं. आता बी घिऊ द्या."

मानसिंग उठला, पेचकस आणून त्यानं ती पितळी पट्टी काढली आणि आईपुढे ठेवली.

"आता पितळ वाया घालवू नगंस," ती म्हणाली. "मागल्या अंगाला जागा हाय. तितं दोगांची घाल."

त्या पेटंटचं काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. कलकत्त्याच्या साहेबानं नेमका माझाच प्रश्न विचारला, छपाई जुनी, कापणी जुनी, मग नवीन काय? मी भोकावर चार पानं लिहिली. पेटंट मिळालं. दोघांच्या नावे. कारखानदारानं यंत्र बघितलं ते त्यानंतर.

पण त्याआधी, अर्ज पाठवायचा त्या दिवशी, दोघं मायलेक साताऱ्याला आले होते. चारुलतेनं म्हातारीला जेवू घातलं आणि मला न विचारता माझी खुर्ची तिला दिली. मी प्रतिज्ञेचा इंग्रजी कागद पुढे ठेवला. मानसिंगनं आपली सही ठोकली, लांबलचक, शेवटी वेलांटी घालून. मग मी राहीबाईच्या अंगठ्याला शाई लावली.

तिचा अंगठा कागदावर अधांतरी थांबला. सगळीकडे मुंग्याच होत्या. 

"कुटं?" तिनं विचारलं. "न्हाई तर पुन्ना कुनाचं नाव मोडंल माज्या हातनं."

मी बोटानं दाखवणार, तेवढ्यात मानसिंगनं टेबलावरची टाचणी उचलली. सरकारी कागद होता, मी ओरडणार होतो. ओरडलो नाही. तिच्या नावाच्या खाली, मोकळ्या जागी, त्यानं टाचणीनं एक बारीक भोक पाडलं. मग आईचं दुसरं बोट धरून त्यानं ते कागदावरून हळूहळू सरकवत नेलं.

भोक बोटाला लागलं. म्हातारी थांबली, आणि तिनं तिथे अंगठा टेकला.